चार दिवस हजर

१

गुरुवारी सकाळी साडेसातला काकू टॉवेलांची गाडी ढकलत तिसऱ्या मजल्यावर आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. फरशीवरून मुंग्यांची रांग चालली होती. साखरेच्या डब्याकडे जाणाऱ्या मुंग्या काही नवलाच्या नव्हत्या. पण ह्या मोठ्या, तांबूस आणि डौलात चालणाऱ्या होत्या. अशा मुंग्या सगळ्या इमारतीत एकाच खोलीत होत्या, त्याही काचेच्या पेटीत.

काकू ह्या वसतिगृहाच्या कपडाखोलीच्या सर्वेसर्वा. सहा मजले, मजल्यावर आठ खोल्या, अठ्ठेचाळीस मुलंमुली. कोण कुठल्या देशाचं, कोण कुठल्या. एकमेकांची नावं उच्चारताना जिभेला गाठी पडायच्या, म्हणून ज्याने जो विषय घेतला तेच त्याचं नाव होऊन बसलं. मुंग्यांवर संशोधन करणारी ती मुंग्यावाली. तिच्या शेजारी पूल बांधायला शिकणारा पुलवाला, पलीकडे व्हायोलिनवाली, समोर आकाश बघणारा खगोल. काकूंना मात्र सगळे काकूच म्हणत.

"ही पोर आपली एकही मुंगी बाहेर जाऊ देत नाही," काकू स्वतःशीच पुटपुटल्या. त्यांनी दारावर थाप मारली. मग जोरात मारली. मग गाडी तिथेच सोडून त्या जिन्याने धावत खाली गेल्या. गुडघेदुखीमुळे त्या गेल्या सहा वर्षांत एकदाही धावल्या नव्हत्या.

रेक्टर सरांनी जादा किल्लीने दार उघडलं. मुंग्यावाली पलंग आणि टेबलाच्या मधल्या जागेत जमिनीवर पडली होती. ओठ फुटलेले, अंग तव्यासारखं तापलेलं. हाताशी पाण्याची रिकामी बाटली. रेक्टर सर दाराला धरून उभे राहिले. काकूंनीच तिच्या नाकाशी हात धरला.

"श्वास चालू आहे! सर, उभे काय राहिलात, गाडी बोलवा!"

दहाच्या सुमारास इस्पितळातून डॉक्टरबाईंचा फोन आला. ताप मेंदूपर्यंत पोचला होता. वाचेल की नाही ते सांगता येत नव्हतं.

"पण मला एक समजत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही मुलगी रविवारी संध्याकाळपासून पडून आहे. चार दिवस कुणी पाहिलंच नाही का?"

रेक्टर सरांनी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमलेल्या मुलांना हे सांगितलं. सगळे एकदम बोलू लागले.

"शक्यच नाही, सर!"

"ती काल होती की इथे!"

"रोज होती!"

२

धक्का बसण्यासारखंच होतं, कारण ही इमारत बांधलीच होती माणूस एकटं पडू नये म्हणून. प्रत्येक मजल्याच्या मधोमध गोल स्वयंपाकघर आणि त्याच्या भोवती आठ खोल्या. जिना थेट स्वयंपाकघरात उघडायचा, त्यामुळे खोलीत जायचं तर चार जणांच्या चहाच्या कपांमधूनच वाट. प्रत्येक दाराच्या वर एक काच, आत दिवा लागला की बाहेर कळायचा. खाली प्रवेशाशी फळ्यावर प्रत्येकाची एक पट्टी, निळी बाजू म्हणजे आत, पांढरी म्हणजे बाहेर. वास्तुकलेची मुलं वह्या घेऊन ही इमारत बघायला यायची आणि काकूंच्या गाडीला अडखळायची.

पोलीस येऊन गेले. दार आतून बंद, मारहाणीची खूण नाही, म्हणून त्यांनी पंचनामा केला आणि ते निघाले. रेक्टर सरांचं मात्र समाधान झालं नव्हतं. दुपारी त्यांनी काकूंना ऑफिसात बोलावून घेतलं. समोर कागदांचा ढीग होता.

"हे बघा काकू. सोमवारी चादर बदलल्याची खूण. सोमवार ते बुधवार फळ्यावरची पट्टी सकाळी पांढरी, संध्याकाळी निळी. मंगळवारी सफाईची पाळी केल्याची सही. बुधवारी सामुदायिक जेवणाला हजर. रोज संध्याकाळी खोलीत दिवा. बेशुद्ध पडलेली मुलगी हे करू शकते का?"

"चादरीचं सोडा सर, ते माझ्या खात्यातलं," काकू म्हणाल्या. "बाकीचं बघू."

"बाकीचं सरळ आहे. कुणीतरी मुद्दाम ती ठणठणीत असल्याचा देखावा केला. ती आजारी आहे हे त्याला माहीत होतं, आणि कुणी दार उघडू नये असं त्याला वाटत होतं." सरांनी सफाईचा तक्ता पुढे सरकवला. "ही सही तिची नाही. अक्षर पुलवाल्याचं आहे. आणि मंगळवारी तिच्या प्राध्यापकांचा इथे फोन आला, तो ह्यानेच घेतला. 'आत्ताच बाहेर पडली, मी स्वतः पाहिली,' असं सांगितलं त्यांना."

शनिवारचं भांडण अख्ख्या मजल्याने ऐकलं होतं. पुलवाल्याने दोन महिने खपून लाकडी काड्यांचा पूल बनवला होता, कणकेच्या खळीने चिकटवलेला. मुंग्यावालीच्या पेटीतल्या नव्हेत, पण कुठल्या तरी मुंग्यांनी ती खळ खाल्ली आणि पूल मधोमध बसला. तेव्हा हा ओरडला होता, "एक दिवस तुला मुंग्यांसकट कोंडून ठेवीन!"

"उद्या चारला वसतिगृहाची समिती बसते आहे," रेक्टर सर म्हणाले. "त्याचं नाव काढलं की आठ दिवसांत त्याला देश सोडावा लागेल. शिक्षण संपलं."

"पोरगं तसं नाही हो सर."

"कशावरून?"

"चादर चारही कोपरे जुळवून, घडी घालून परत देतो. चौदा वर्षांत असे तीनच भेटले मला."

रेक्टर सरांनी चष्मा काढला. "हा पुरावा समितीपुढे ठेवू?"

काकू रागाने उठल्या. संध्याकाळी सहाला त्या तिसऱ्या मजल्यावर पोचल्या, तर स्वयंपाकघरात आठ-दहा मुलं बसली होती. मुंग्यावालीची खोली बंद, किल्ली रेक्टर सरांच्या खिशात. काकूंनी खुर्ची ओढली, तोच व्हायोलिनवाली किंचाळली आणि तिने दारावरच्या काचेकडे बोट दाखवलं.

कुलूप लावलेल्या रिकाम्या खोलीत दिवा लागला होता.

३

रेक्टर सर धापा टाकत आले. घाईत त्यांना किल्ली नीट लागेना, शेवटी काकूंनीच ती फिरवली. आत कुणी नव्हतं. काचेच्या पेटीवर एक वाकडा दिवा पिवळा उजेड टाकत होता, आणि भिंतीतल्या बटणाला लावलेलं छोटं घड्याळ टिकटिक करत होतं.

"मुंग्यांना ऊब लागते," खगोल दारातून हळूच म्हणाला. "संध्याकाळी सहाला आपोआप लागतो, अकराला विझतो. तिनेच लावलाय. मला ठाऊक होतं, पण डोक्यातच आलं नाही."

काकूंनी पेटी पाहिली. तोंडाला लावलेला ओला कापूस सुकून कडक झाला होता. तो कुरतडून मुंग्या पाण्याच्या शोधात बाहेर पडल्या होत्या. त्या बिचाऱ्यांनीच काय ती दखल घेतली, असं काकूंच्या मनात आलं आणि त्यांना तिथे उभं राहवेना.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पाचातली एक खूण कुणीही केलेली नव्हती. देखावा करणाऱ्याने दिवा लावला नव्हता, दिवा आपला आपण लागत होता. मग बाकीच्या खुणाही एकाच हाताच्या कशावरून?

"सर, मला उद्या चारपर्यंत वेळ द्या," काकू म्हणाल्या. "ही पोरं तुमच्याशी बोलणार नाहीत. तुम्ही लिहून घेता."

शुक्रवारी सकाळी त्यांनी पुलवाल्याला कपडाखोलीत बोलावलं आणि अभ्र्यांच्या घड्या घालायला बसवलं. हात कामात असले की माणूस बोलतो, हा त्यांचा अनुभव.

"खोटं का बोललास रे फोनवर?"

पुलवाल्याने मान वर केली नाही. "तिचे प्राध्यापक फार कडक आहेत, काकू. ती मोबाइल उचलत नाही म्हणून इथे फोन केला. मला वाटलं, वाचनालयात जाऊन बसली असेल. मागे माझी चाचणी बुडाली तेव्हा ती माझ्यासाठी असंच बोलली होती."

"पण 'पाहिली' का म्हणालास?"

"पाहिल्यासारखंच होतं. आदल्या संध्याकाळी दिवा होता. सकाळी खाली पट्टी पांढरी होती. आणि तिचा कप धुऊन पालथा घातलेला, अजून ओला. म्हणजे चहा पिऊन आत्ताच गेली, नाही का?"

"आणि सफाईची सही?"

"शनिवारी मी तिला वाटेल ते बोललो होतो." त्याने हातातला अभ्रा खाली ठेवला. "माफी मागायला तोंड नव्हतं. म्हणून तिची पाळी मी करून टाकली. परत आल्यावर तिला कळेल, असं वाटलं."

"हे सरांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर ते विचारतील, मग कप कुणी धुतला, पट्टी कुणी फिरवली. मी सुटायचो आणि दुसरं कुणी अडकायचं."

त्याच्या पुढ्यात अभ्रे कोपऱ्याला कोपरा जुळवून रचलेले होते.

४

कप खगोलने धुतला होता. त्याने ते विचारताक्षणी कबूल केलं.

"रविवारी पाचला तिने माझ्यासमोर चहा केला. डोकं दुखतंय म्हणाली, अर्धा कप ठेवून खोलीत गेली. मंगळवारी सकाळी तो कप तसाच मोरीत दिसला, बुरसटलेला. मी धुऊन ठेवला. काकू, दोन दिवसांचा कप होता तो! मला कळायला नको?"

"मग कळलं का नाही?"

"ती सोमवारी उठली होती ना! मला वाटलं, नेहमीसारखी विसरली."

"आणि बुधवारी जेवणाची हजेरी?"

"हजेरी मीच घेतो. दोनदा गैरहजर राहिलं की घरी पत्र जातं, आणि तिची आई लगेच काळजी करते. दिवा दिसत होता, म्हणजे काम करत बसलीय. टाकली खूण." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आई काळजी करेल म्हणून टाकली."

कुणाच्याच मनात पाप नव्हतं. एकाने कप धुतला, तो पाहून दुसऱ्याने फोनवर सांगितलं. दिवा पाहून तिसरी खूण पडली. प्रत्येकाने तिच्यावर माया केली आणि जाता जाता एकेक धोक्याची निशाणी पुसून टाकली. आता उरली पट्टी. ती सोमवारी सकाळी फिरली होती, सगळ्यांत आधी.

व्हायोलिनवाली जिन्यात भेटली. रुंद पायऱ्यांचा जिना, थांबून गप्पा माराव्यात म्हणून मुद्दाम ऐसपैस केलेला. ती तिथेच बसून रडत होती.

"पट्टी मी फिरवायची, काकू. ती नेहमीच विसरते. सकाळी माझ्याबरोबर तिचीही पांढरी करायची, संध्याकाळी दिवा दिसला की निळी. दोन वर्षं करतेय."

"पण सोमवारी सकाळी तिचं दार बंद होतं. ती बाहेर गेली असं तू कशावरून धरलंस? आतच झोपलीय असंही असू शकतं."

"असं कसं असेल?" व्हायोलिनवालीने डोळे पुसून काकूंकडे नवलाने पाहिलं. "साडेनऊला मी निघाले तेव्हा तुमची चादरींची यादी कपडाखोलीच्या दारावर लागली होती. तिच्यापुढे खूण होती. म्हणजे आठ वाजता तिने उठून तुमच्या हातात जुनी चादर दिली, तुमच्या हातून नवी घेतली. तुम्ही तिला पाहिलंत ना, काकू?"

काकूंनी कठडा धरला.

"खगोलसुद्धा त्यावरूनच म्हणत होता, सोमवारी उठली होती म्हणून," व्हायोलिनवाली म्हणाली. "आम्ही सगळे त्यावरूनच... काकू? काकू, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?"

५

यादी कपडाखोलीच्या खिळ्याला लटकत होती. अठ्ठेचाळीस ओळी, अठ्ठेचाळीस खुणा, सगळ्या काकूंच्या हाताच्या. दुपारचे अडीच वाजले होते.

सोमवारचा नियम अगदी साधा होता. दार वाजवायचं, जुनी चादर हातात घ्यायची, नवी हातात द्यायची, मग खूण. कुणी दार उघडलं नाही तर रेक्टरांना बोलवायचं. पण मुंग्यावाली सोमवारी नेहमी उशिरा उठायची. चार वर्षांपूर्वी एकदा तिचा झोपाळलेला चेहरा पाहून काकूंना कणव आली आणि तेव्हापासून त्या तिचं दार वाजवत नसत. खूण आधी टाकायच्या, चादर सवडीने कधीतरी बदलायच्या. त्यात काय मोठं? चादरी कुठे पळून जाणार होत्या?

ह्या सोमवारीही त्या दारापाशी थांबल्या होत्या. नवी चादर हातात होती. ती त्यांनी परत गाडीत ठेवली होती आणि पुढच्या दाराकडे वळल्या होत्या.

डॉक्टरबाईंनी काल सांगितलं होतं, सोमवारी सापडली असती तर साध्या औषधांवर भागलं असतं.

काकू स्टुलावर बसल्या. रेक्टर सरांना त्यांनीच सांगितलं होतं, चादरीचं सोडा म्हणून. कुणाला शंकाही आली नव्हती. यादी फाडून धुण्याच्या पाण्यात टाकली तर लगदा व्हायला दोन मिनिटं पुरली असती. काकूंची राहती खोलीही ह्याच इमारतीत, तळमजल्यावर होती. नोकरी गेली की तीही जाणार. हे सगळं त्यांच्या डोक्यात येऊन गेलं, आणि ते आलं ह्याचीच त्यांना लाज वाटली.

चारला समितीच्या खोलीबाहेर पुलवाला बाकावर बसला होता. त्याने बॅग भरून आणली होती. काकू त्याच्यासमोरून आत गेल्या आणि यादी टेबलावर ठेवली.

"पोराचा दोष नाही. कुणी देखावा केला नाही. ज्याने त्याने आधीच्या खुणेवर भरवसा ठेवला," त्या म्हणाल्या आणि बुधवारपासून मागे मागे जात एकेक खूण उलगडून सांगितली. जेवणाची हजेरी, फोन, सफाई, कप, पट्टी. "आणि ही सगळ्यांत पहिली. ही खोटी आहे. ही माझी आहे."

रेक्टर सर अर्धवट उभे राहिले. "काकू, काय बोलताय तुम्ही?"

समितीच्या अध्यक्षीणबाई वयस्क होत्या. तरुणपणी त्यांनी ह्याच इमारतीच्या वास्तुविशारदाच्या हाताखाली नकाशे काढले होते. त्यांनी यादीच्या ओळींवरून बोट फिरवलं.

"हा चादरींचा नियम कशासाठी होता, तुम्हाला माहीत आहे?"

"चादरी हरवू नयेत म्हणून."

"नाही. इमारत पुरी झाली तेव्हा आमचे साहेब ह्या जिन्यात उभे राहून म्हणाले, मी शक्य ते सगळं केलं, पण आजारी माणूस दार लावून घेतो, तिथे माझं काही चालत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येकाचं तोंड कुणीतरी पाहायचंच, असं ठरलं. चादर हे नुसतं निमित्त होतं." त्यांनी यादी उलटी ठेवली. "मुलं काय, तुम्ही काय, हे कुणालाच कधी सांगितलं नाही. चूक आमचीही आहे."

काकूंना वाटलं होतं, कुणी ओरडेल. कुणीच ओरडलं नाही, आणि ते जास्त जड गेलं.

"अशा न पाहता केलेल्या खुणा आणखी कुणाच्या?" अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

"अकरा जणांच्या," काकू म्हणाल्या.

रेक्टर सरांनी डोकं धरलं. पुलवाल्याला आत बोलावून सांगण्यात आलं की बॅग वर नेऊन ठेव. तो जागचा हलेना. त्याने विचारलं, "आणि काकूंचं काय?" त्याचं उत्तर समितीने सोमवारवर टाकलं.

६

शनिवारी दुपारी इस्पितळातून निरोप आला. मुंग्यावाली शुद्धीवर आली होती. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि ते परत येईल अशी आशा कमी होती, पण जीव वाचला होता. मजल्यावर पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. काकू कपडाखोलीत जाऊन, दार लावून पोटभर रडल्या.

भेटायला एकालाच सोडणार होते. पोरांनी एकमताने काकूंना पाठवलं. खरं तर त्यांनी काकूंना दोष दिला असता तर ते जास्त सोपं गेलं असतं.

पलंगावर ती एवढीशी दिसत होती. काकू तिच्या उजव्या कानाच्या बाजूला बसल्या. रस्ताभर त्यांनी वाक्य जुळवलं होतं.

"बाळा, तुला एक सांगायचंय. सोमवारी मी तुझं दार..."

"माहीत आहे," मुंग्यावाली म्हणाली. तिचा आवाज खरखरीत होता. "मी जागी होते तेव्हा. उठता येत नव्हतं, ओरडताही येत नव्हतं. गाडीची चाकं ऐकली. तुम्ही दारापाशी थांबलात."

काकूंनी समितीपुढे सगळं सांगितलं होतं, पण पुढचं कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही ते आठवत नव्हतं.

"तुम्ही म्हणालात, 'झोपू दे पोरीला.' अगदी हळू म्हणालात."

काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं. त्यांनी विचारलं, "मग?"

"मग चाकं पुढे गेली," मुंग्यावाली म्हणाली. "मला वाटलं, बाकीच्या दारांवरून परत याल. मी वाट पाहत राहिले."